मी वर सांगितले होते



एक वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडी अगदी सहज येते : ‘मी वर सांगितले होते.’ शाळेत, कचेरीत, सोसायटीत किंवा एखाद्या मंडळात काही गैर घडते, पुढे ते उघडकीला येते, आणि कोणी विचारले की आपण हे वाक्य पुढे करतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. आपण खरोखरच मुख्याध्यापकांच्या, साहेबांच्या, चेअरमनच्या किंवा फादरांच्या कानावर गोष्ट घातलेली असते. पण कानावर घातले म्हणजे आपले कर्तव्य संपले का? या प्रश्नाचा विचार आज आम्ही अमेरिकेतील एका सहायक फुटबॉल प्रशिक्षकाच्या कारकिर्दीच्या आधारे करणार आहोत. विषय लहान मुलांच्या सुरक्षिततेचा आहे आणि क्लेशदायक आहे. तरीही घरातील मोठ्या माणसांनी तो शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम त्या नोकरीविषयी थोडेसे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलहून अगदी वेगळा खेळ. डोक्यावर हेल्मेट चढवून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा. तिथे महाविद्यालयांच्या संघांचे सामने पाहायला लोटणारी गर्दी आपल्याला खरी वाटणार नाही. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये सुमारे तेहतीस हजार माणसे मावतात. पेनसिल्वेनिया राज्यातील पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात, आणि ज्या गावात ते विद्यापीठ आहे त्या स्टेट कॉलेज गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास आहे. अशा गावात संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणजे काय असामी असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मुख्य प्रशिक्षक एकच असतो. त्याच्या हाताखाली, आम्ही सांगत आहोत त्या काळात, नऊ पूर्णवेळ सहायक असत. कोणी बचावफळी सांभाळणार, कोणी चेंडू झेलणाऱ्यांना शिकवणार, कोणी गावोगावच्या शाळांत जाऊन चांगली मुले हेरणार. त्यांच्याही खाली दोन विद्यार्थी-सहायक. हे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता, फीमाफी आणि थोड्याशा भत्त्यावर, रात्री उशिरापर्यंत सामन्यांच्या चित्रफिती तपासत बसतात. त्यांना आशा एकच : आज ना उद्या पूर्णवेळ सहायकाची जागा मिळेल. ती देणे न देणे मुख्य प्रशिक्षकाच्या हाती. दुसऱ्या विद्यापीठात जायचे झाले तरी शिफारस त्याचीच लागते. तो गेला आणि नवा आला, की नवा बहुधा आपली माणसे घेऊन येतो, आणि जुन्या सहायकांना बिऱ्हाड हलवावे लागते. म्हणून निष्ठा हा सहायकाचा पहिला गुण मानला जातो. आणि तो गुण आहेच, याविषयी आमच्या मनात शंका नाही. हाच गुण माणसाला कुठे नेऊन सोडू शकतो, ते आता पाहू.

पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो हे आपल्याच पंथाचे, ब्रुकलिनमधील जेज्वीट शाळेत शिकलेले. १९५० साली ते सहायक म्हणून आले, सोळा वर्षे सहायक राहिले आणि १९६६ पासून २०११ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. खेळाडूंनी अभ्यासही केला पाहिजे, सचोटीने जिंकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांनी व त्यांच्या पत्नीने मोठी देणगी दिली. अशा या मोठ्या माणसाच्या हाताखाली १९६९ पासून जेरी सँडस्की नावाचा सहायक होता. १९७७ पासून तो बचावाची सर्व सूत्रे सांभाळत असे आणि त्याच वर्षी त्याने गरजू मुलांसाठी ‘द सेकंड माइल’ ही संस्था काढली. संघाने १९८२ आणि १९८६ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, त्यात त्याच्या बचावफळीचा वाटा मोठा होता. १९९८ साली एका आईने आपल्या मुलाच्या बाबतीत त्याच्याविरुद्ध तक्रार केली. पोलिसांनी चौकशी केली, पण आरोप ठेवला गेला नाही. १९९९ साली तो सन्मानाने निवृत्त झाला. संघाच्या इमारतीत येण्याजाण्याची मुभा त्याला कायम राहिली.

आता आमच्या कथेतील सहायकाकडे येऊ. माइक मॅक्वीरी हा त्याच गावात वाढलेला मुलगा. पेन स्टेटच्याच संघाकडून तो खेळला होता आणि २००१ साली तिथेच विद्यार्थी-सहायक होता. वय २६. शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००१ च्या रात्री तो नवे बूट ठेवायला संघाच्या इमारतीतील कपडे बदलण्याच्या खोलीत गेला. तिथे न्हाणीघरात त्याने सँडस्कीला दहा-बारा वर्षांच्या एका मुलाबरोबर पाहिले. जे पाहिले ते लैंगिक अत्याचाराचेच होते, असे त्याने पुढे शपथेवर सांगितले. त्याने कपाटाचे दार जोराने आपटले. दोघे वेगळे झालेले त्याने पाहिले, आणि तो तिथून निघाला. मुलाला त्याने बरोबर घेतले नाही. त्याच रात्री तो वडिलांच्या घरी गेला. वडिलांनी सल्ला दिला : उद्या सकाळी पटर्नोंना जाऊन सांग.

शनिवारी सकाळी त्याने पटर्नोंच्या घरी जाऊन सांगितले. पण कसे सांगितले? अशा थोर, वयोवृद्ध माणसासमोर उघडे शब्द उच्चारणे त्याला प्रशस्त वाटले नाही, म्हणून त्याने तपशील टाळून सांगितले. ही त्याचीच साक्ष आहे. वडीलधाऱ्यांसमोर असे शब्द जिभेवर येत नाहीत, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्या घरांतूनही ‘काहीतरी वाईट’, ‘नको ते’ एवढ्यावरच भागवले जाते आणि ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

पटर्नोंनी ती गोष्ट आपल्या वरिष्ठांच्या, म्हणजे क्रीडा विभागाच्या संचालकांच्या कानावर घातली. शनिवारी लोकांच्या सुट्टीत व्यत्यय आणावासा वाटला नाही, असेही त्यांनी नंतर ग्रँड ज्युरीपुढे सांगितले. संचालकांनी विद्यापीठाच्या एका वरिष्ठ उपाध्यक्षांना सांगितले, आणि गोष्ट अध्यक्षांपर्यंत गेली. साधारण दहा दिवसांनी संचालक व उपाध्यक्ष मॅक्वीरीला भेटले. पुढे उघड झालेल्या ई-मेलवरून असे दिसते, की बालकल्याण खात्याला कळवण्याचा बेत आधी होता. मग तो बदलला आणि सँडस्कीलाच समज द्यायचे ठरले. काही पावले उचलली आहेत, असे मॅक्वीरीला सांगण्यात आले. पोलिसांकडे कोणी गेले नाही. सँडस्की नंतरही त्या इमारतीत दिसत राहिला.

बंधुभगिनींनो, ही साखळी नीट पाहा. मुलाने वडिलांना सांगितले, मग पटर्नोंना सांगितले, पटर्नोंनी संचालकांना सांगितले, त्यांनी उपाध्यक्षांना व अध्यक्षांना सांगितले. प्रत्येकाला म्हणता आले, ‘मी वर सांगितले होते.’ निरोप पायऱ्या चढत चढत वर गेला. त्या मुलाकडे मात्र कोणीही गेले नाही. तो कोण, कुठला, आता कसा आहे, हे शोधण्याचा प्रयत्न त्या वेळी यांपैकी कोणीही केला नाही.

मॅक्वीरीची कारकीर्द पुढे चालू राहिली. २००४ साली तो पूर्णवेळ सहायक झाला. सँडस्कीचे अत्याचारही २००१ नंतर चालू राहिले, हे न्यायालयात सिद्ध झाले. अखेर २००८ साली एका मुलाने आणि त्याच्या आईने तक्रार केली, तपास सुरू झाला आणि २०१० साली अधिकारी मॅक्वीरीपर्यंत पोहोचले. त्याने ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली. नोव्हेंबर २०११ मध्ये सँडस्कीला अटक झाली. त्याच आठवड्यात पटर्नोंना पदावरून दूर करण्यात आले आणि त्या रात्री हजारो विद्यार्थी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. आपण आणखी काही करायला हवे होते, अशी खंत पटर्नोंनी जाहीरपणे व्यक्त केली. जानेवारी २०१२ मध्ये ते वारले. जून २०१२ मध्ये सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरला आणि त्याला ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. २०१७ साली संचालक व उपाध्यक्ष यांनी बालकांची सुरक्षितता धोक्यात आणल्याचा गुन्हा कबूल केला, अध्यक्षांना ज्युरीने दोषी ठरवले, आणि तिघांच्याही वाट्याला तुरुंगवास आला.

आणि मॅक्वीरी? अटकेनंतर काही दिवसांतच त्याला रजेवर पाठवण्यात आले. २०१२ साली त्याचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. ‘धावत जाऊन मुलाला का सोडवले नाही? पोलिसांना फोन का केला नाही?’ असे सगळा देश त्याला विचारत होता. दुसरीकडे, लाडक्या प्रशिक्षकाला यानेच बुडवले, असे मानणारेही होते. त्याने विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. २०१६ साली ज्युरीने त्याला ७३ लाख डॉलर भरपाई दिली आणि नंतर न्यायाधीशांनी त्यात सुमारे ५० लाख डॉलरची भर घातली. बोलल्याची शिक्षा त्याला भोगावी लागली, हे अशा रीतीने न्यायालयानेही मान्य केले.

या माणसाला आपण काय म्हणावे? त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. आमच्या मते ते अन्यायाचे होईल. त्या इमारतीत पाहणारा तो एकटाच नव्हता. २००० साली एका सफाई कामगाराने असेच काही पाहिले होते आणि सहकाऱ्यांना सांगितले होते. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी तक्रार केली नाही, असे पुढे निष्पन्न झाले. त्यांच्यापेक्षा मॅक्वीरीने अधिक केले. वरच्या सर्वांपेक्षा त्याने अधिक पाहिले होते आणि त्याच्या हाती सत्ता सर्वांत कमी होती. शिवाय, आपण त्याच्या जागी असतो तर झडप घातली असती, असे घरी बसून म्हणणाऱ्यांत आपणही असतो. डोळ्यांवर विश्वास न बसणे, पाय जागच्या जागी खिळणे, ज्याला लहानपणापासून थोर मानले त्याच्याविषयी असे मनात आणणेही नकोसे वाटणे, हे ज्याच्यावर गुदरले त्यालाच कळते.

पण त्याला भित्रा न म्हणणे वेगळे आणि त्याने पुरेसे केले असे म्हणणे वेगळे. त्या एका रात्रीसाठी आम्ही त्याला दोष देणार नाही. नंतरची नऊ वर्षे मात्र आमच्या मनाला टोचतात. पहिल्या क्षणी माणूस गोंधळतो, हे क्षम्य आहे. पण पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात तोच माणूस त्याच इमारतीत दिसत असताना, ‘त्या प्रकरणाचे काय झाले?’ हे पुन्हा विचारायला जागा होती. पोलिसांकडे जायला जागा होती. इथे ती निष्ठा आडवी आली असावी. वरिष्ठांना पुन्हा विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे हाताखालच्या माणसाला वाटते. आणि ज्यांच्यावर अन्नपाणी अवलंबून आहे त्यांच्याविषयी असा विचार करायला मन धजत नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे कर्तव्याचे माप इथेच सापडते. कर्तव्य जर वरिष्ठांप्रति असेल, तर त्यांना सांगितल्यावर ते संपते. पण ते जर मुलाप्रति असेल, तर मूल सुरक्षित झाल्याशिवाय ते संपत नाही. वरिष्ठ हा त्या मुलापर्यंत मदत पोहोचवण्याचा एक मार्ग आहे. तो मार्ग बंद दिसला, तर दुसरा शोधावा लागतो. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण किती वेळा ऐकला आहे! जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवून, पैसे देऊन तो मोकळा होऊ शकला असता. पण परत येताना पुन्हा येईन, असे तो सांगून जातो. त्या परत येण्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला : खोटा आळ आला तर? निरपराध माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच गावभर कुजबुज करणे हे पाप आहे. पण रीतसर तक्रार करणे म्हणजे निवाडा करणे नव्हे. खरेखोटे ठरवण्याचे काम ज्यांचे आहे त्यांच्यापर्यंत गोष्ट पोहोचवणे, एवढेच त्यात असते. खोट्या आळापासूनही माणसाला वाचवते ती चौकशीच. दाराआड मिटवलेले प्रकरण निरपराध्याला कधीच निर्दोष ठरवत नाही.

दुसरा आक्षेप : नोकरी गेली तर घर कोण चालवणार? याला आमच्याकडे सोपे उत्तर नाही. किंमत मोजावी लागते, हे मॅक्वीरीच्या उदाहरणावरून दिसलेच. इतकेच म्हणता येईल, की सर्वांत खालच्या माणसाच्या धैर्यावर मुलांची सुरक्षितता टांगून ठेवणे हा वरच्यांचा दोष आहे. बोलणाऱ्याची किंमत कमी करणे त्यांच्या हातात असते. आणि आपल्यातील कोणी असे बोलला, तर तो एकटा पडणार नाही, त्याच्या घरची चूल विझणार नाही, हे पाहणे हे आपले, धर्मग्रामस्थांचे, काम आहे. एरवी त्याला धैर्याचा उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

कायद्यानेही यातून धडा घेतला. २००१ साली पेनसिल्वेनियातील कायद्याप्रमाणे संस्थेतील कर्मचाऱ्याने संस्थाप्रमुखाला कळवले की त्याची जबाबदारी पूर्ण होत असे. पटर्नोंनी कायद्याचे पालन केले, असे सरकारी बाजूनेही तेव्हा म्हटले होते. २०१४ साली तो कायदा बदलला. आता जबाबदार व्यक्तीने आधी थेट शासकीय यंत्रणेला कळवायचे आणि मग प्रमुखाला. आपल्या देशात बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा ‘पोक्सो’ कायदा २०१२ सालीच आला. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल किंवा घडण्याची ज्याला धास्ती वाटेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना, ट्रस्टींना किंवा फादरांना सांगितल्याने हे बंधन सुटत नाही. न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, असेही त्यात लिहिले आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावा.

हे सारे लिहिताना दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवून आम्हाला थांबता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच पेनसिल्वेनिया राज्यात ग्रँड ज्युरीचा आणखी एक अहवाल प्रसिद्ध झाला. तो आपल्या ख्रिस्तसभेविषयी होता. सहा धर्मप्रांतांतील तीनशेहून अधिक धर्मगुरूंवर त्यात ठपका होता आणि हजाराहून अधिक बालकांवरील अत्याचारांची नोंद होती. तिथेही निरोप वर गेले होते, फायली तयार झाल्या होत्या आणि त्या कपाटात बंद राहिल्या होत्या. संस्थेचे नाव राखायचे म्हणून मुलांना वाऱ्यावर सोडले गेले. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू व व्रतस्थांना अशा गोष्टी ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. फुटबॉलचा संघ असो वा ख्रिस्तसभा, ज्या संस्थेवर माणसे जीव ओवाळून टाकतात, तिथेच हा धोका अधिक असतो. प्रेमापोटी आपण डोळे मिटतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो.

पेन स्टेटच्या मैदानाबाहेर पटर्नोंचा पुतळा होता. जुलै २०१२ मध्ये तो हलवण्यात आला. १९९८ पासूनचे संघाचे विजयही रद्द झाले होते. २०१५ साली ते पुन्हा बहाल करण्यात आले. विजय असे कागदावर काढता येतात आणि पुन्हा मांडताही येतात. पण न्यायालयात उभे राहून ज्या आठ तरुणांनी आपली कहाणी सांगितली, त्यांचे बालपण त्यांना कोणी बहाल करू शकले नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण कुठे ना कुठे सहायकच आहोत. आपल्या वर कोणीतरी असते, आणि त्याच्या मर्जीवर आपले थोडेफार अवलंबून असते. तेव्हा पुढच्या वेळी ‘मी वर सांगितले होते’ हे वाक्य ओठांवर आले, तर क्षणभर थांबू या आणि स्वतःला विचारू या : आणि त्या मुलाचे काय झाले? उत्तर ठाऊक नसेल, तर आपले काम अजून संपलेले नाही.